यथाशक्ति: घरातील कलाकाम, मुले आणि कर्माचे पूर्णत्व

एका किंवा दोन खोल्यांच्या घरात, मुलांच्या वावरात, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांच्या मधल्या वेळात हाताने कलात्मक पेंडंट घडवणाऱ्या व्यक्तीचे काम वरवर पाहता छंदाचे किंवा फार तर गृहउद्योगाचे उदाहरण वाटते. परंतु भारतीय धर्मचिंतनाने ज्या प्रश्नाचा शतकानुशतके विचार केला आहे, तो प्रश्न या लहानशा कामात ठळकपणे उभा राहतो. जे कर्म पुन्हा पुन्हा खंडित होते, ज्याला स्वतःची जागा नाही आणि सलग वेळही नाही, त्या कर्माला पूर्ण म्हणता येईल का, आणि कर्म हीच उपासना असे मानले तर अशी तुटक उपासना एकांतातील अखंड उपासनेपेक्षा कमी प्रतीची ठरते का, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ कलाकाराच्या समाधानापुरते महत्त्वाचे नाही, कारण गृहस्थाश्रमात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, सारे सर्जन याच अवस्थेत होत आले आहे.

या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. मातीचे पेंडंट करायचे तर चिकणमाती चाळून, भिजवून, तिच्यातील हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत मळावी लागते. मग ती पाटावर लाटून तिचे रुपयाएवढे गोल, पान, मासा किंवा कोयरी असे आकार कापले जातात, दोरा किंवा कडी ओवण्यासाठी ओल्या मातीतच भोक पाडले जाते, टोकदार काडीने नक्षी कोरली जाते आणि तुकडे सावलीत सावकाश वाळवून भट्टीत भाजले जातात. घरात वेगळी कार्यशाळा नसते, म्हणून सारे काम एका परातीत किंवा ट्रेमध्ये मांडले जाते आणि जेवणाची वेळ झाली की तो ट्रे कपाटावर किंवा पोटमाळ्यावर सरकवला जातो. मूल लहान असेल तर हा क्रम कोणत्याही क्षणी मोडतो. कोरीव रेषा अर्ध्यावर असताना हात धुऊन उठावे लागते आणि परत येईपर्यंत मातीचा ओलावा बदललेला असतो.

साधनेविषयीच्या शास्त्रीय ग्रंथांत अशा अवस्थेला फारशी जागा दिसत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त एका ठिकाणी बांधून ठेवणे म्हणजे धारणा आणि त्याच विषयाकडे वृत्तीचा एकसारखा प्रवाह वाहत राहणे म्हणजे ध्यान, असा क्रम सांगितला आहे. म्हणजे ध्यानाचे लक्षणच अखंडता हे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकटे राहून, शुद्ध जागी आसन मांडून बसावे असे सांगितले आहे आणि ज्ञानेश्वरीने त्या जागेचे विस्ताराने वर्णन केले आहे. कलेविषयीच्या सर्वसाधारण समजुतीही याच वळणाच्या आहेत: उत्तम कलाकृतीला तन्मयता लागते, तन्मयतेला एकांत लागतो आणि ज्याला एकांत नाही त्याच्या हातून फार तर कारागिरी होते, असे सहज गृहीत धरले जाते.

परंतु तन्मयता हेच कर्माचे अंतिम मोल मानले, तर त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न वारकरी परंपरेनेच एका अत्यंत कठोर कथेतून पुढे आणला आहे. तेर येथील संत गोरोबा कुंभार पायाने चिखल तुडवत असताना नामात इतके रंगून गेले की रांगत आलेले स्वतःचे मूल त्या चिखलात तुडवले गेल्याचे त्यांना कळले नाही, अशी ही कथा आहे. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळते, म्हणून कीर्तनकार ही कथा भक्तीच्या पराकाष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात आणि तो अर्थ परंपरेला मान्यच आहे. तथापि, माती, काम, भक्ती आणि मूल ही चारही एकाच अंगणात आली असता तन्मयतेने काय घडू शकते, हेही ही कथा काही न लपवता सांगते. ज्या घरात चमत्काराची हमी नाही, त्या घरातील कारागिराला या कथेतून मिळणारा धडा असा, की आपल्या बाजूला काय आहे याचा विसर पाडणारी एकाग्रता गृहस्थाच्या धर्मात पूर्णत्वाचे लक्षण होऊ शकत नाही.

दुसरी कथा दागिने घडवणाऱ्या संताचीच आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त होते. विठ्ठलाच्या कमरेची सोनसाखळी घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा विठ्ठलाचे दर्शनही घ्यायचे नाही म्हणून त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून माप घेतले आणि माप पुन्हा पुन्हा चुकत गेले. अखेर पट्टी सोडल्यावर हरी आणि हर यांचे ऐक्य त्यांना उमगले, असे परंपरा सांगते. कथेचा मुख्य रोख शैव-वैष्णव भेदावर असला, तरी तिच्यात कारागिरीचे एक सत्यही आहे. हातात कितीही कसब असले, तरी समोर जे आहे ते पाहायचे नाही असे ठरवून काम करणाऱ्याचे माप जुळत नाही. या दोन्ही कथा एकत्र वाचल्या, तर आजूबाजूचे भान हा कलेतील अडथळा आहे ही समजूत डळमळीत होते.

खंडित कर्माच्या पूर्णत्वाचा तात्त्विक विचार सर्वांत काटेकोरपणे कोणी केला असेल तर तो मीमांसकांनी. मीमांसा म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या विधानांचा अर्थ लावणारे शास्त्र. त्यात कर्मांचे नित्य आणि काम्य असे भेद मानले जातात. विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाते ते काम्य कर्म आणि कोणत्याही खास फळाची मागणी न ठेवता, जीवनभर नियमाने करायचे ते नित्य कर्म. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न विचारला आहे, की एखाद्याला कर्माची सर्व अंगे, म्हणजे साहाय्यक क्रिया आणि साधने, पूर्ण करता येत नसतील तर ते कर्म व्यर्थ जाते का. काम्य कर्माची सर्व अंगे पूर्ण झाली तरच फळ मिळते. नित्य कर्मात मात्र मुख्य क्रिया घडली आणि अंगे जितकी शक्य तितकी झाली, तरी ते कर्म घडले असेच मानावे, असा तिथला सिद्धांत आहे. यालाच यथाशक्ति न्याय म्हणतात. यामागील तर्क साधा आणि खोल आहे: जे आयुष्यभर करायचे आहे, ते सर्व साधने हाताशी असतानाच करावे अशी अट घातली, तर ते आयुष्यभर होणारच नाही.

घरातील कलाकामाला हा भेद लावून पाहिला तर बराच गोंधळ दूर होतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येने आणि ठरलेल्या किमतीला पेंडंट देण्याचे वचन दिले, की ते काम काम्य कर्माच्या जवळ जाते. तिथे यथाशक्तीची सबब चालत नाही, कारण घेणाऱ्याने पूर्ण वस्तूचे पैसे मोजलेले असतात, कडी पक्की असली पाहिजे आणि रंग घामाने उतरता कामा नये. याउलट, रोज थोडा वेळ हाताला माती लागावी आणि एखादी रेषा कालच्यापेक्षा नेमकी उतरावी यासाठी केलेले काम नित्य कर्माच्या जातीचे असते. ते पाच मिनिटांत मोडले म्हणून अपुरे राहत नाही. पुष्कळ गृहिणी-कलाकारांची व्यथा अशी असते, की नित्य स्वरूपाच्या कामाला काम्य कर्माची कसोटी लावून त्या रोज स्वतःला नापास करतात. त्यामुळे घरातील परिस्थितीला झेपेल तेवढेच काम वचनाच्या कक्षेत घ्यावे आणि उरलेले वचनाबाहेर मोकळे ठेवावे, हा व्यवहारी सल्ला आहे तसाच धर्मविचारही आहे.

गीतेने हा विचार कर्मकांडाच्या बाहेर आणून सर्व कर्मांना लावला. दुसऱ्या अध्यायात कर्मयोगाची थोरवी सांगताना असे म्हटले आहे, की या मार्गात आरंभलेल्याचा नाश होत नाही आणि अर्धवट राहिल्यामुळे उलटा दोषही लागत नाही. सहाव्या अध्यायात चंचल मन जिथे जिथे भटकेल तिथून ते परत आणावे असा उपाय सांगितला आहे. या दोन विधानांना एकत्र ठेवले, की एकाग्रतेची वेगळी व्याख्या हाती येते: मन कधीच न ढळणे हे तिचे दूरचे टोक असेल, पण तिचा रोजचा देह म्हणजे परत येणे. विनोबा भावे यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीताप्रवचनांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा जो अर्थ लावला आहे, तो इथे उपयोगी पडतो. कर्म म्हणजे बाह्य क्रिया, विकर्म म्हणजे त्या क्रियेला लागणारी अंतःकरणाची जोड, आणि ही जोड मिळाली की कर्माचा भार नाहीसा होऊन ते अकर्म होते, असे विनोबांचे प्रतिपादन आहे. मूल रडले की बाह्य क्रिया थांबते. विकर्म थांबलेच पाहिजे असे नाही, कारण ज्या लक्षपूर्वक वृत्तीने नक्षी कोरली जात होती, तीच वृत्ती मुलाच्या गुडघ्यावरची जखम धुताना कायम राहू शकते. असे झाले तर हातातील काम बदलले तरी साधनेचा धागा सुटत नाही.

ही भूमिका केवळ मनाच्या पातळीवर राहिली तर ती पोकळ ठरेल. ती माध्यमाच्या निवडीत उतरावी लागते. काही माध्यमे थांबू शकतात आणि काही थांबू शकत नाहीत. इपॉक्सी रेझिनचे दोन द्रव एकदा मिसळले, की ठरावीक मिनिटांत ते साच्यात ओतावेच लागतात. शिवाय न सुकलेले रेझिन त्वचेला लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते आणि त्याची वाफ छोट्या, बंद खोलीत मुलांसाठी हितकर नसते. माती मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर अनेक दिवस कामाजोगी राहते. दोऱ्याची गुंफण, कापडाची शिलाई आणि कागदाचे थर चिकटवून केलेली पदके हीसुद्धा वाटेल त्या क्षणी खाली ठेवता येतात. ज्या घरात मूल आहे त्या घरात थांबू शकणारे माध्यम निवडणे हे अहिंसेचे कारागिरीतील रूप मानले पाहिजे. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते आणि बारीक मणी किंवा कडी घशात अडकू शकते, म्हणून उठताना प्रत्येक मणी डबीत परत गेला आहे हे पाहणे, रंगाचे भांडे आणि जेवणाचे भांडे कधीही एक न होऊ देणे, हे नियम कामाच्या बाहेरची दक्षता नसून कामाचे अंगच आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कारागिराचा हात नेहमी शुद्ध मानला आहे. आजच्या घरात ती शुद्धी अशा दक्षतेनेच सिद्ध होते.

खंडित जीवनाला साजेसे माध्यम असते, तसेच त्याला साजेसे रूपही असते, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्राच्या घराघरांत पहाटे दळण दळणाऱ्या स्त्रियांनी निर्माण केला आहे. जात्यावरची ओवी जात्याच्या काही फेऱ्यांत पूर्ण होते. मूल उठले, दळण संपले किंवा हाक आली, तरी तोवर म्हटलेल्या ओव्या अपुऱ्या राहत नाहीत आणि पुढची ओवी दुसऱ्या पहाटेही सुरू करता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी चालवलेल्या संग्रहकार्यातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, यावरून तुटक वेळेतून निर्माण होणाऱ्या वाङ्मयाचा आवाका कळतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते; घरकाम आणि शेतकाम करता करता रचलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी कवितेत त्यांचे स्थान निर्विवाद ठरले. जनाबाईंच्या बाबतीत तर परंपरेची श्रद्धा अशी, की देवाने त्यांना जाते सोडून येण्यास सांगितले नाही. तो स्वतः दळू लागला. पेंडंट हे असेच लहान आणि स्वतःत पूर्ण असलेले रूप आहे. तळहातापेक्षा लहान पृष्ठभागावर मांडणी, पोत, रंग आणि तोल यांचे सारे प्रश्न सोडवावे लागतात. पण ते टप्प्याटप्प्याने सोडवता येतात, आणि म्हणून अपुऱ्या जागेतील कलावंताने हे रूप निवडणे ही माघार नसून रूपाची योग्य पारख आहे.

तरीही एक प्रसंग टळत नाही. वाळत ठेवलेली पेंडंट मुलाच्या हातून खाली पडतात आणि काही दिवसांचे काम क्षणात मोडते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीच्या गोळ्याचे आणि सोन्याच्या गोळ्याचे दृष्टान्त देतो: एक मातीचा गोळा जाणला की मातीचे सर्व पदार्थ जाणले जातात, कारण विकार हे नाममात्र आहेत आणि मातीच खरी. या वचनाचा अद्वैती अर्थ लावताना शंकराचार्यांची परंपरा आकाराला मिथ्या, म्हणजे स्वतंत्र सत्ता नसलेला, मानते. हा अर्थ मोडलेल्या वस्तूचे दुःख हलके करतो. पण तो उथळपणे घेतला तर आकार घडवण्यालाच अर्थ उरत नाही. ज्ञानेश्वरांची वाट थोडी निराळी आहे. चांगदेवपासष्टीत, म्हणजे चांगदेवांना उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत, सोने आपल्या सोनेपणात काहीही उणे न येता दागिना होते असा दृष्टान्त येतो, आणि अमृतानुभवात जग हा चैतन्याचाच विलास, म्हणजे त्याचेच फुलून येणे, असे प्रतिपादन आहे. या दृष्टीने आकार हा भ्रम ठरत नाही. तो मूळ द्रव्याचा उत्सव ठरतो, आणि म्हणून तो मन लावून घडवण्याजोगा असतो आणि मोडला तरी मूळ उणे होत नाही. मातीच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे: भाजण्यापूर्वी मोडलेला तुकडा पाण्यात टाकला की तो विरघळून पुन्हा माती होतो आणि त्यातूनच नवे पेंडंट घडते, साधारण 600 अंश सेल्सिअसपलीकडे भाजल्यावर मात्र मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते आणि परतीची वाट बंद होते. भट्टीत जाण्यापूर्वीचा सारा काळ हा चुकीला क्षमा असलेला काळ आहे, आणि मुलांच्या घरात काम करणाऱ्याने तो घाईने संपवू नये.

मुलाकडे आतापर्यंत व्यत्यय आणणारे म्हणून पाहिले गेले. ही दृष्टीही अपुरी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या प्रकरणात निर्मिती आणि आचरण यांत भेद केला आहे: निर्मितीचे साध्य तिच्या बाहेरच्या वस्तूत असते, तर चांगल्या आचरणाचे साध्य त्या आचरणातच असते. पेंडंट घडवणे ही निर्मिती आणि मूल वाढवणे हे आचरण, असे म्हटले तर दोन्ही एका ट्रेभोवती घडताना एकमेकांत मिसळतात, कारण मातीचा चुकलेला आकार न चिडता पुन्हा मळणारा हात पाहणे हेच मुलाचे शिक्षण होते. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हस्तोद्योगातून शिक्षण हाच होता, आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून बालशिक्षणाची साधने उभी केली. मुलाला मातीचा स्वतंत्र गोळा देणे ही त्याला गुंतवून ठेवण्याची युक्ती म्हणून केली तर तिचा उपयोग थोडा वेळच होतो. त्याच्या कामालाही काम मानले, तर त्याच खोलीत दोन कारागीर बसतात.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले, की लेखन करणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंडांचे उत्पन्न हवे. प्रतिभा हवेतून उगवत नाही, तिला भिंती, दार आणि अन्न लागते. या दृष्टीने पाहता खंडित कामाचे तत्त्वज्ञान हे अन्यायाला दिलेले पवित्र वस्त्र ठरू शकते: जिला जागा दिली नाही तिला जागेशिवायही साधना होते असे सांगणे सोयीचे असते, आणि ते सांगणारे बहुधा ज्यांच्याकडे खोली आहे तेच असतात. स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावी, हा ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील विचारही जातिव्यवस्थेच्या समर्थनासाठी वापरला गेला आहे, हे विसरता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर दोन प्रश्न वेगळे केल्याने मिळते. पहिला प्रश्न जे काम झाले आहे त्याच्या मोलाचा आहे. दुसरा प्रश्न ज्या परिस्थितीत ते झाले तिच्या न्याय्यतेचा आहे. ओवीचे मोल मान्य केल्याने पहाटेच्या दळणाचे कष्ट न्याय्य ठरत नाहीत आणि ते कष्ट अन्याय्य होते म्हणून ओवी उणी ठरत नाही. घरातील अपुऱ्या जागेत घडलेले पेंडंट पूर्ण कर्म आहे असे म्हणणे आणि त्या व्यक्तीला खिडकीजवळची एक कायमची जागा, दिवसातला एक ठरलेला तास आणि त्या तासात मुलाला सांभाळणारे दुसरे हात मिळाले पाहिजेत असे म्हणणे, या दोन्हींत कोणताही विरोध नाही.

किंबहुना यथाशक्ति न्यायाचा नेमका अर्थच ही मागणी बळकट करतो. मीमांसकांनी शक्तीचे माप कर्त्याच्या प्रत्यक्ष सामर्थ्याला लावले आहे. ते माप दुसऱ्याने ठरवून द्यायचे नसते. करणाऱ्याने स्वतःपुरते म्हणावे, की आज जेवढे जमले तेवढ्याने कर्म पूर्ण झाले. पण घरातील इतरांनी तिचा वेळ आणि जागा आधी आक्रसून टाकायची आणि मग तिला यथाशक्तीचे समाधान सांगायचे, याला या न्यायात आधार नाही. शक्ती कमी असणे ही क्षमेची बाब आहे, ती कमी करणे हा दोष आहे. म्हणून घरातील कलाकामाचा धर्म दोन्हीकडून पाळावा लागतो: कारागिराने आपल्या तुटक वेळेला कमी न लेखता पुन्हा पुन्हा कामाकडे परतावे, आणि कुटुंबाने त्या परतण्याची वाट दरवेळी थोडी अधिक रुंद करावी.